इलेक्ट्रिक गाडी परवडते का? शोरूमच्या आधी पार्किंग आणि वीजबिल बघा

गोरखचिंच (पुणे)

नमस्कार मंडळी. गेली काही वर्षं घरात इलेक्ट्रिक गाडी आहे, त्यामुळे ओळखीतलं कुणी नवी गाडी घ्यायला निघालं की फोन मला येतो. प्रश्न बहुतेक रेंजबद्दल (एका चार्जमध्ये गाडी किती जाते) किंवा बॅटरीच्या आयुष्याबद्दल असतो. मला मात्र आधी विचारायचं असतं, की गाडी रात्री कुठे उभी राहणार, तिथे प्लग आहे का, आणि त्या प्लगची वीज कोणत्या मीटरवरून येणार? याचं उत्तर नसेल तर बाकीची चर्चा मला निरर्थक वाटते. म्हणून हा धागा.

प्रति किलोमीटर खर्चापासून सुरुवात करतो. जाहिरातीत 'एक रुपया किलोमीटर' म्हणतात. मध्यम आकाराची गाडी शहरात एका युनिटला साडेसहा-सात किलोमीटर जाते, पण हा आकडा गाडीच्या पडद्यावरचा. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी साधारण दहा टक्के चार्जिंगमध्येच जाते. तेव्हा मीटरवरच्या एका युनिटला सहा किलोमीटर धरा. महिन्याला १००० किमी चालवणाऱ्याला सुमारे १६७ युनिटं लागतील.

ही १६७ युनिटं घरच्या मीटरवर घेतली, तर ती घरातल्या वापराच्या *वर* जाऊन बसतात. महावितरणचं २०२४-२५ चं दरपत्रक घ्या. वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा आकार) धरून पहिल्या १०० युनिटांना ५.८८ रुपये, १०१ ते ३०० ला ११.४६, ३०१ ते ५०० ला १५.७२ आणि त्यापुढे १७.८१, आणि यावर १६ टक्के वीजशुल्क. नंतर दर बदलले, पण टप्प्यांची रचना तीच राहिली. ज्या घराचं बिल आधीच २५० युनिटांचं आहे, त्याच्या गाडीची पहिली ५० युनिटं सव्वातेरा रुपयांनी जातील आणि उरलेली ११७ सव्वाअठरा रुपयांनी. बेरीज जवळपास २८०० रुपये, म्हणजे किलोमीटरला २.८०.

तीच गाडी वेगळ्या ईव्ही मीटरवर लावली तर टप्पे नाहीत, एकच दर. स्थिर आकार धरून दहा रुपये युनिट समजा. १६७० रुपये. त्याच गाडीत, त्याच रस्त्यावर महिन्याला अकराशे रुपयांचा फरक केवळ मीटरमुळे पडला.

पेट्रोलची गाडी शहरात लिटरला १४ देत असेल तर १०४ च्या भावाने १००० किलोमीटरला साधारण ७४०० रुपये. घरची वीज महाग टप्प्यात घेतली तरी बचत मोठी आहे, हे मान्य. पण बाहेरच्या फास्ट चार्जरवर जीएसटीसकट युनिटला २४-२५ रुपये मोजायचे तर किलोमीटर चार रुपयांवर जातो. ज्याच्याकडे स्वतःचं चार्जिंग नाही त्याने हाच चार रुपयांचा आकडा धरून निर्णय घ्यावा.

तुमचे आकडे टाका, बोलू.

---

हिशोबनीस

चांगला धागा. पण तुलना पेट्रोलशी करून थांबलात, सीएनजीशी कुठे केलीत? आमच्याकडची सीएनजी गाडी किलोला २२ देते. ९० रुपये भाव धरला तर १००० किलोमीटरला ४१०० च्या आत. तुमच्या घरच्या मीटरच्या २८०० शी तुलना केली तर महिन्याला वाचतात तेराशे. त्यासाठी गाडीला दोन-तीन लाख जास्त मोजायचे? तीन लाख भागिले तेराशे म्हणजे २३० महिने होतात. एकोणीस वर्षं!

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ वर आला. इलेक्ट्रिकवर आधीही ५ होता, आताही ५ आहे. म्हणजे मधली दरी पुन्हा वाढली.

---

गोरखचिंच

@हिशोबनीस, तुमचं गणित बरोबर आहे आणि म्हणूनच मीटरचा मुद्दा मी इतका लावून धरतो. वेगळ्या मीटरवर तीच बचत चोवीसशेच्या आसपास जाते, म्हणजे दहा-साडेदहा वर्षं. तरीही सीएनजीच्या तुलनेत महिन्याला १००० किमी चालवणाऱ्याला पैशाच्या कारणासाठी इलेक्ट्रिक घ्या असं मी सांगणार नाही. महिन्याला १८००-२००० किमी असेल आणि चार्जिंग घरचं असेल तर चित्र पालटतं.

दोन गोष्टी मात्र तुमच्या हिशोबात धरा. एक, रस्ता कर. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के कर लागतो, इलेक्ट्रिकला माफ आहे. म्हणून एक्स-शोरूम किमतीतला फरक बघू नका, ऑन-रोडचा बघा. १२ लाखांच्या पेट्रोल गाडीवर १ लाख ४४ हजार नुसता कर होतो. दुसरं, टोल. २०२५ च्या राज्य धोरणानुसार मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोल नाही. द्रुतगतीवर एका फेरीचे ३२० रुपये, म्हणजे जाऊन-येऊन ६४०. ज्याचे आईवडील मुंबईत आणि नोकरी पुण्यात आहे, त्याच्यासाठी ही लहान रक्कम नाही. फास्टॅग त्याच गाडीच्या नंबरला जोडलेला आहे ना आणि आरसीवर इंधनाच्या रकान्यात इलेक्ट्रिक लागलं आहे ना, हे आधीच तपासा.

आणि कर्जाच्या व्याजावरची दीड लाखाची आयकर वजावट, कलम ८०ईईबी, ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. नव्या कर्जाला ती धरू नका.

---

दोन_मुलांची_आई

मला माझ्या परिस्थितीवर सल्ला हवा आहे. आम्ही चिंचवडला, ऑफिस हिंजवडीत, शाळा-क्लास धरून महिन्याला ११००-१२०० किमी होतात. महिन्यातून एकदा साताऱ्याला सासरी. सोसायटी बारा वर्षं जुनी, पार्किंग स्टिल्टमध्ये (इमारतीखाली, खांबांमधल्या जागेत), पण आमचा मीटर-रूमपासून लांबचा कोपरा. कमिटीतले काका म्हणतात, "आग लागली तर जबाबदार कोण?" एक जण म्हणाले कॉमन मीटरवरून घ्या, महिन्याला ठरावीक पैसे द्या. काय करावं?

---

वायरमन

ताई, मी विद्युत ठेकेदार आहे, अशी कामं नेहमी करतो. कॉमन मीटरवरून ठरावीक पैशात घेऊ नका. आज एक गाडी आहे, पुढच्या वर्षी चार होतील आणि मग प्रत्येक सभेत भांडण. घेणारच असाल तर निदान सब-मीटर लावा आणि रीडिंगप्रमाणे पैसे द्या. सगळ्यात स्वच्छ म्हणजे तुमच्या नावाने वेगळं ईव्ही कनेक्शन.

काकांची आगीची भीती मी उडवून लावणार नाही. धोका बहुतेक वेळा गाडीपेक्षा वायरिंगमध्ये असतो. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून गाडी सात-आठ तास सलग १२-१३ अँपिअर ओढते. गीझर दहा मिनिटांत बंद होतो, गाडी रात्रभर चालू राहते. भिंतीतली जुनी अडीच एमएमची वायर, सैल झालेलं सॉकेट आणि मधे एक्स्टेन्शन बोर्ड, अशा जोडणीत प्लग वितळलेले मी पाहिले आहेत.

मीटर-रूमपासून तुमच्या कोपऱ्यापर्यंत आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल घ्या, जाडी अंतर बघून ठरते. चाळीस-पन्नास मीटर असेल तर ४ एमएमवर भागवू नका, ६ घ्या. स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा) आणि इंडस्ट्रियल सॉकेट. अर्थिंग मोजून घ्या. अर्थिंग खराब असेल तर गाडीचा चार्जर चालूच होत नाही, लाल दिवा दाखवतो, आणि लोक गाडी बिघडली म्हणून सर्व्हिस सेंटरला फोन करतात.

७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर हवा असेल तर मंजूर भार वाढवावा लागतो आणि बहुतेक घरांना थ्री-फेज घ्यावं लागतं. तुमच्या रोजच्या ४० किलोमीटरला त्याची गरज नाही. ४० किलोमीटर म्हणजे सात युनिटं. साध्या सॉकेटवर अडीच-तीन तासांत भरतात.

---

गोरखचिंच

@वायरमन, खूप उपयोगी लिहिलंत. हा प्रतिसाद छापून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावावा असा आहे.

ताई, कमिटीला लेखी अर्ज द्या, तोंडी बोलू नका. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वतःच्या जागेत सध्याच्या जोडणीवरून किंवा वेगळी जोडणी घेऊन चार्जिंग करायची मुभा स्पष्ट दिलेली आहे. अर्जासोबत ठेकेदाराचा नकाशा जोडा: केबल कुठून जाणार, कोणती सुरक्षा साधनं लागणार, खर्च तुमचा. काकांच्या प्रश्नाला कागदावर उत्तर मिळालं की विरोध बराच निवळतो, हे मी तीन-चार सोसायट्यांत पाहिलं आहे.

साताऱ्याचं म्हणाल तर पुण्याहून ११० किलोमीटर, मधे खंबाटकी घाट. ४० युनिटांच्या बॅटरीत निवांत जाल, आणि सासरी १५ अँपिअरचा पॉइंट असेल तर परतीचीही काळजी नाही. २५ युनिटांची छोटी गाडी घेतलीत तर मात्र तिथे चार्जिंग करावंच लागेल.

---

कल्याण_लोकल

घाटाचं कुणी नीट सांगेल का? आमच्याकडे समज आहे की बोरघाट चढताना अर्धी बॅटरी जाते.

---

गोरखचिंच

अर्धी अजिबात नाही. खोपोली ते खंडाळा चढ साधारण साडेपाचशे मीटरचा. माणसं-सामान धरून गाडीचं वजन १८०० किलो घ्या. तेवढं वजन तेवढं वर उचलायला पावणेतीन युनिट लागतात, मोटरमधली घट धरून तीन-सव्वातीन. ४० युनिटांच्या बॅटरीचे आठ टक्के. अंतराचा वेगळा खर्च आहेच, पण घाटाचा *जादा* खर्च एवढाच. उतरताना यातलं निम्म्याहून जास्त रिजेनमधून (उतारावर मोटरच वीज बनवून बॅटरीत घालते) परत मिळतं.

यातली एक बाब फारशी कुणी सांगत नाही. लोणावळा किंवा महाबळेश्वरला मुक्काम करून हॉटेलवर बॅटरी १०० टक्के भरली आणि लगेच घाट उतरायला लागलात, तर रिजेन लागत नाही. भरलेल्या बॅटरीत वीज घालणार कुठे? मग सगळा भार ब्रेकवर येतो. वर मुक्काम असेल तर ८५-९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा.

रेंज खरोखर खातो तो वेग. ८० वरून ११० वर गेलात की पडद्यावरचा आकडा डोळ्यांदेखत उतरतो.

---

वऱ्हाडी_ठेचा (नागपूर)

वेगाचं शंभर टक्के खरं हाय. समृद्धीवर १२० ची परवानगी हाय म्हणून दामटवली तं ४६५ किलोमीटर सांगितलेली गाडी दोनशेच्या आसपासच चार्जर शोधाले लावते. मी ९५ वर ठेवतो, मंग अडीचशेच्या घरात जाते. पाच तासाचा प्रवास सहाचा होते, थो भाग वेगळा.

आमच्याकडं अजून एक तरास म्हणजे मे महिना. ४५ डिग्रीत भर दुपारी गाडी फास्ट चार्जरले लावली तं बॅटरी थंड करण्यातच वीज जाते आन् चार्जिंगचा वेग पडते. पन्नास किलोवॉटच्या मशीनवर कंपनी १० ते ८० टक्क्याले तासाभराच्या आत सांगते, आमच्या उन्हाळ्यात त्याच्यावर अर्धा घंटा धरा. म्हणून लांबचा प्रवास पहाटे चार-पाचले काढतो.

पण रोजच्या शहरातल्या वापराले मी लय खुश हाय. घर स्वतःचं हाय, छतावर ३ किलोवॉटचं सोलर हाय. पीएम सूर्यघर या सरकारी योजनेतून ७८ हजार अनुदान भेटलं. दिवसाले बारा युनिटं, महिन्याले साडेतीनशेच्या आसपास. घर आन् गाडी दोन्ही त्याच्यात भागते. ज्याचं घर स्वतःचं आन् छत मोकळं हाय, त्याचा हिशोब फ्लॅटवाल्यापेक्षा साफ वेगळा.

---

तळकोकण

मी सावंतवाडीजवळचा, नोकरी ठाण्यात. गणपतीक गाडी घेऊन जातंय, म्हणान सांगतंय. एरवी महाड, चिपळूण, कणकवली करत आरामात जाता येतं. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत मात्र नको. एका चार्जरवर चार-पाच गाड्या उभ्या, प्रत्येकाचा पाऊण तास. त्यातच चार्जरची एक गन (गाडीला लावायची नळी) बंद. आणि पावसात लाइट गेली की सगळेच थांबतात.

आमचा घर जुनाट. पहिल्या वर्षी गाडी चार्जच होईना, कारण घराक अर्थिंगच नव्हता. अंगणात नवीन अर्थिंग करून घेतला, मीठ-कोळसा घालून, तेव्हा चालू झाली. गावी नेणाऱ्यांनी आधी कुणाकडून तरी घरचो पॉइंट तपासून घ्या.

तरी मी गाडी बदलूचो नाय. ठाण्यात रोज घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास काढल्यावर क्लच नसलेल्या, न थरथरणाऱ्या गाडीतून उतरणं म्हणजे काय, ता पाठदुखी असलेल्या माणसाकच कळता. ह्यो हिशोब कुठल्या तक्त्यात बसता?

---

हिशोबनीस

पाठदुखीचा मुद्दा मान्य, त्याला उत्तर नाही माझ्याकडे. 🙂

पण पुनर्विक्रीवर कुणीच बोललं नाही. आठ वर्षांनी ही गाडी कोण घेणार? पेट्रोल गाडीला काही ना काही भाव येतो.

---

गोरखचिंच

पुनर्विक्री हा आजचा सगळ्यात कच्चा दुवा आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवं. बॅटरीची हमी बहुतेक गाड्यांना ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यात जे आधी होईल ते. काही नव्या मॉडेलना 'आजीवन' हमी आहे, पण ती पहिल्या मालकासाठी. गाडी विकली की दुसऱ्याला तीच मिळेल असं नाही. खरेदीच्या कागदांत ही ओळ शोधून वाचा. शिवाय तंत्र झपाट्याने पुढे जातं आहे. २०२० मध्ये टाटांची पहिली नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा ३० युनिटांची बॅटरी आणि ३१२ किलोमीटरचा प्रमाणित आकडा होता. त्यानंतरच्या गाड्यांसमोर ती जुनी वाटते, आणि वापरलेल्या गाडीचा भाव तिथेच पडतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: तीन-चार वर्षांनी गाडी बदलायची सवय असेल तर नवी इलेक्ट्रिक घेऊ नका. आठ-दहा वर्षं वापरणार असाल तरच घ्या. उलट वापरलेली इलेक्ट्रिक घेणाऱ्याला आज संधी आहे. फक्त सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल काढून घ्या, हमीची किती वर्षं उरली ते बघा, आणि गाडी लिफ्टवर चढवून खालच्या बाजूला बॅटरीच्या आवरणाला खड्ड्याचे-दगडाचे मार आहेत का ते पाहा.

बॅटरी भाड्याने देण्याच्या योजनांबद्दलही विचारतात. एमजीची विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी आली तेव्हा ९.९९ लाख किंमत आणि बॅटरीचे किलोमीटरला साडेतीन रुपये अशी योजना होती. साडेतीनात वेगळ्या मीटरवरच्या विजेचे पावणेदोन मिळवा, सव्वापाच झाले. सीएनजीपेक्षा महाग. दरमहा किमान किलोमीटरची अट असते, तीही वाचा. सुरुवातीची रक्कम कमी दिसते, पण व्यवहारात हे दुसरं कर्जच आहे.

देखभाल खरोखर कमी आहे. इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच हे विषय नाहीत. टायर मात्र वजनामुळे आणि जोरामुळे लवकर झिजतात. विम्यात थर्ड पार्टीला १५ टक्के सवलत आहे, पण गाडीची किंमत जास्त म्हणून एकूण हप्ता जास्तच येतो. आणि गाडी रस्त्यात बंद पडण्याचं एक नेहमीचं कारण मोठी बॅटरी नसून नेहमीची छोटी १२ व्होल्टची असते. ती गेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही, रिमोटने दारही उघडत नाही. तीन वर्षं झाली की ती तपासत जा.

---

कल्याण_लोकल

आमच्या सोसायटीत पार्किंगच नाही, गाडी रस्त्यावर लागते. रेल्वेने कामाला जातो, गाडी शनिवार-रविवार. महिन्याला तीनशे-चारशे किमी. माझ्यासाठी काय?

---

गोरखचिंच

तुमच्यासाठी नाही. चार्जिंग पूर्ण बाहेरचं, चालवणं कमी, गाडी उन्हापावसात रस्त्यावर. साधी पेट्रोल घ्या किंवा आहे ती चालवत राहा. इलेक्ट्रिकबद्दल मला कितीही आपुलकी असली तरी हे सांगायलाच हवं.

---

दोन_मुलांची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच घरी बसून आमचं वर्षभराचं वीजबिल काढलं. उन्हाळ्यात आम्ही ३८० युनिटांवर जातो, म्हणजे गाडीची सगळी युनिटं महागातल्या टप्प्यात. वेगळंच कनेक्शन घ्यायचं ठरवलं. रविवारी कमिटीची बैठक आहे, अर्ज लिहून ठेवला आहे. कनेक्शन मंजूर होईपर्यंत गाडीचं बुकिंग करणार नाही, यावर अहोंचं आणि माझं एकमत झालं.

@वायरमन दादा, केबल मोजली, साधारण ४५ मीटर भरते. वाटेत पाण्याची टाकी आणि पंपाची जागा आहे. केबल जमिनीतून न्यावी की छताला ट्रे लावून?

---

वायरमन

वरून ट्रे लावून न्या. पंपाजवळ जमिनीत कायम ओल असते, आणि उद्या प्लंबरने खोदलं तर केबल पहिली तुटेल. ट्रे थोडा रुंद घ्या, म्हणजे पुढच्या गाड्यांच्या केबल त्यातूनच जातील. हे बैठकीत आवर्जून सांगा, ट्रेचा खर्च वाटून घ्यायला लोक तयार होतात. सॉकेट जमिनीपासून किमान तीन-साडेतीन फूट उंच, झाकणाच्या पेटीत. स्टिल्टमध्ये पावसाचं पाणी साचत असेल तर त्याहून वर. ठेकेदाराकडून चाचणी अहवाल सही-शिक्क्यानिशी घ्या, कनेक्शनच्या अर्जाला तो लागेलच.